राज्यमार्ग कोणाच्या राज्याचा?



सभेला आला आहात, घोषणा देऊन घसा बसला आहे, आणि हातात हे पत्रक पडले आहे. पैसे देऊन घेतले आहे, तेव्हा वाचल्याशिवाय फेकू नका. यात आम्ही एका रस्त्याची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, मराठी राज्याच्या सभेत रस्त्याचे काय काम? पगाराचे बोला, घरांचे बोला, बेळगावचे बोला. बंधूंनो, जरा दम धरा. हा रस्ता पगाराचा आहे, घराचा आहे आणि बेळगावचाही आहे. कसा, ते शेवटपर्यंत वाचाल तर कळेल.

आम्ही वऱ्हाडातले, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावाकडचे. शाळा आमची चौथीपर्यंत. पुढचे शिक्षण साच्यावर आणि युनियनच्या अभ्यासवर्गात झाले. तेव्हा भाषेत चूक सापडली तर माफ करा. हिशेबात चूक सापडली तर मात्र सभेत उभे राहून विचारा.

वेशींची नावे वाचा

कारंजा हे जुने तटबंदीचे गाव. तट आता ढासळला, पण वेशींची नावे लोकांच्या तोंडी आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ही नावे नीट वाचा. यातले एकही नाव राजाचे नाही की सरदाराचे नाही. वेशीतून निघणारी वाट जिकडे जाते, त्या गावाचे नाव वेशीला. म्हणजे कारंज्याने स्वतःची ओळख रस्त्यांवरून ठेवली. गाव मोठे झाले ते कापसाने आणि कापडाने, आणि कापूस-कापड मोठे झाले ते वाटांनी.

१६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगलांच्या ताब्यातले हे कारंजा मारले. उंची कापड, सोने, चांदी हाती लागले आणि ते वाहून न्यायला चार हजार बैल व गाढवे लागली, असे इतिहासकार लिहितात. चार हजार जनावरे! विचार करा, एवढा माल त्या गावात आला कसा? आभाळातून पडला नाही. शेतकऱ्याने पिकवला, कोष्ट्याने विणला आणि बैलाने वाहिला. रस्त्याची खरी कमाई तेव्हाही या तिघांची होती, आणि वेशीवर जकात घेणारा चौथा होता. चौथा आजही आहे. त्याचे नाव तेवढे बदलले.

आणखी एक वाट याच गावातून निघाली. श्रीनृसिंह सरस्वती कारंज्यात जन्मले, पुढे कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीला राहिले आणि शेवटी भीमाकाठी गाणगापूरला स्थिरावले. आमच्या म्हाताऱ्या माणसांना भूगोल येत नव्हता. पण कारंजा, वाडी आणि गाणगापूर ही एकाच माळेची मणी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. मराठी मुलूख नकाशावर एक व्हायच्या आधी तो पायांनी एक केला होता.

कापसासाठी सडक, माणसासाठी नाही

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजाकडे गेला. इंग्रजाला वऱ्हाडची काळी माती आवडली, कारण त्यात कापूस पिकतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी लढाई लागली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली मुंबईची रेल्वे भुसावळवरून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत नागपूरला पोचली. त्यानंतर सडका कशा आखल्या गेल्या पाहा. गावातून बाजाराला, बाजारातून जिन-प्रेसला, जिन-प्रेसमधून स्टेशनाला. कारंज्याची सडक उत्तरेला मूर्तिजापूरच्या स्टेशनाकडे धावली. बैलगाड्यांच्या रांगा तिकडे, गाठी तिकडे. तिथून मुंबई बंदर, आणि बंदरातून विलायत.

सडकेने भागेना म्हणून १९०३ साली मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. किलिक-निक्सन या विलायती कंपनीच्या भांडवलावर ती बांधली गेली. रूळ अडीच फुटांचे, अंतर ११३ किलोमीटर. लोकांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. गाडी आणली कापसासाठी, पण बसला गरीब माणूस. तिकीट स्वस्त, गाडी धीमी, वाटेत उतरले तर पुन्हा पळत जाऊन पकडता येईल अशी. मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. मग डिझेल आले. मग रूळ खराब म्हणून वेग कमी केला, मग वेग कमी म्हणून उतारू कमी झाले, मग उतारू कमी म्हणून गाडीच थांबली. गेल्या दहा-एक वर्षांत ती शिटी बंद पडली. गिरणी कशी बंद पाडतात, हे तुम्ही पाहिले आहे ना? आधी सुट्या भागांना पैसे नाहीत, मग साचे बंद, मग "तोटा होतो" म्हणून टाळे. शकुंतलेचे तेच झाले. रीत एकच.

तर मुद्दा असा. इंग्रजाच्या काळात कारंज्याहून स्टेशनाला सडक होती, बंदराला गाठ होती, पण शेजारच्या मराठी माणसाकडे जाणाऱ्या वाटेची कोणाला फिकीर नव्हती. सडक कापसासाठी होती. माणूस तिच्यावर चालला तो आपल्या गरजेने चालला.

एक रस्ता, तीन धनी

आता त्या दुसऱ्या वाटेकडे या. हीच आमच्या गोष्टीतली खरी वाट. नागपूरहून वर्धा, पुलगाव, धामणगावकडून ती कारंज्याला येते. पुलगावला कापडगिरणी होती, वर्ध्याच्या पलीकडे हिंगणघाटला होती, आणि नागपूरला १८७७ सालापासून टाटांची एम्प्रेस मिल होती. कारंज्याहून ही वाट शेलुबाजार, मालेगाव, मेहकर करीत सिंदखेडराजाला जाते. तिथून जालना, औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, मग वैजापूर, नाशिक आणि मुंबई. पुढे पुढे लोक तिला नागपूर-औरंगाबाद द्रुतगती मार्ग म्हणू लागले. आमचे म्हातारे तिला नुसते 'सडक' म्हणतात.

१९५६ च्या आधी या एका सडकेचे धनी किती होते, सांगा पाहू? तीन! नागपूर, कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा मध्यप्रदेशात. जालना, औरंगाबाद, वैजापूर हैदराबाद राज्यात. नाशिक आणि मुंबई मुंबई राज्यात. माणसे एका भाषेची, पीक एका जातीचे, ओव्या एका चालीच्या, पण सडकेचे तुकडे तीन आणि प्रत्येक तुकड्याचा धनी निराळा. सिंदखेडराजा ते जालना हे अंतर किती? बैलगाडीने एका दिवसाचे. पण मध्ये राज्याची हद्द. इकडची बस वेगळ्या सरकारची, तिकडची वेगळ्या सरकारची. हद्दीवरच्या रस्त्याला दोन्हीकडून कोणी वाली नाही, कारण हद्दीवरची खडी ही नेहमी 'त्यांची' जबाबदारी असते.

याहून मोठी थट्टा ऐका. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा मध्यप्रदेशात, आणि शिवबांचा जन्म झाला तो शिवनेरी मुंबई राज्यात. आईचे माहेर एका राज्यात, लेकराचा पाळणा दुसऱ्या राज्यात! आणि नृसिंह सरस्वतींचे कारंजा मध्यप्रदेशात, वाडी मुंबई राज्यात, गाणगापूर हैदराबाद राज्यात. दिल्लीच्या नकाशावर रेघा ओढणाऱ्यांनी आमची आई, आमचा राजा आणि आमचा गुरू तीन फायलींत बांधून ठेवले होते.

बंधूंनो, संयुक्त महाराष्ट्राचा लढा म्हणजे काय, हे आम्हांला याच सडकेने शिकवले. पुस्तकात लिहितात की तो भाषेचा लढा होता. होताच. पण भाषा हवेत बोलत नाहीत. ती बाजारात बोलतात, बसमध्ये बोलतात, कचेरीच्या दारात बोलतात. तीन राज्यांत तुकडे झालेली माणसे एकमेकांना भेटणार कुठे? रस्त्यावर. आणि रस्ताच तुटलेला.

१९५३ साली २८ सप्टेंबरला नागपूर करार झाला. वऱ्हाड-नागपूरच्या आणि पश्चिमेकडच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. विदर्भ आणि मराठवाड्याच्या विकासात हयगय होणार नाही, विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला होईल, असा शब्द दिला गेला. १९५५ साली फाजल अली आयोगाने उलटाच निवाडा दिला. विदर्भ वेगळा, आणि मुंबई गुजरातीसह द्विभाषिकात. त्यावर मुंबईचा गिरणगाव पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ माणसे पडली. पुढे शंभरावर हुतात्मे झाले. त्यांत साच्यावरचे, खात्यावरचे, बदलीवरचे आपले लोक होते. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६१ साली तिन्ही भागांच्या सरकारी बसगाड्या एका महामंडळाखाली आल्या. तेव्हा कुठे कारंज्याच्या माणसाला सिंदखेडराजाची हद्द लागेनाशी झाली. ज्या गिरणी कामगाराने कारंजा जन्मात पाहिले नव्हते, त्याने छातीवर गोळी घेऊन कारंज्याची सडक एक केली. हे ऋण आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच हे पत्रक तुमच्यासाठी लिहितो आहोत.

'राज्यमार्ग' या शब्दाचा अर्थ

रस्त्यांच्या जाती कोणी ठरवल्या, ठाऊक आहे? १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी जो आराखडा केला त्याला नागपूर योजना म्हणतात. त्यात रस्त्यांची वर्गवारी झाली. सर्वांत वर राष्ट्रीय महामार्ग, त्याखाली प्रांताचा म्हणजे राज्याचा मार्ग, मग जिल्हा मार्ग, मग गावरस्ता. जिल्ह्याची ठिकाणे आणि मोठे बाजार जोडायचे ते राज्यमार्गाने, आणि त्याची जबाबदारी राज्याची. त्याही आधी १९२७ साली रस्त्यांसाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांचा निधी उभा राहिला. म्हणजे रस्त्याचा पैसा कुठून येतो, हेही जुने ठरलेले आहे. जो गाडीत तेल घालतो, त्याच्या खिशातून.

आता शब्दाकडे बघा. राज्य-मार्ग. ज्या राज्यासाठी शंभरावर माणसे मेली, त्या राज्याचे नाव या रस्त्याला दिले आहे. खड्डा पडला तर तो नुसता डांबरात पडत नाही, शब्दात पडतो. नागपूर कराराच्या शब्दात पडतो.

शब्द पाळला गेला का? आम्ही म्हणत नाही, सरकारनेच नेमलेली समिती सांगते. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिने मागे राहिलेल्या भागांचा अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर रस्ते हाही त्यातला एक विषय होता. १९९४ साली विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. बदली कामगाराची मुदत संपली की त्याला गेटवर उभे करीत नाहीत, तसे झाले.

आणि हा रस्ता बांधला कोणी, तेही लिहून ठेवा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात आणि देशावर लाखो माणसे रस्त्यावर खडी फोडत बसली. जालना-औरंगाबादकडच्या आयाबायांनी लेकरू झाडाखाली निजवून हातोडा चालवला. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली साऱ्या देशाने तो उचलला. महाराष्ट्राच्या रस्त्यांखाली डांबराच्या आधी घाम आहे. तेव्हा रस्ता कोणाच्या बापाचा, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्ही सांगू, आमच्या आईचा!

वरचा रस्ता आणि खालचा रस्ता

आता आजचे बोलू. २०१५ साली मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची घोषणा झाली. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा. एकूण ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावे. खर्च ५५ हजार कोटींच्या वर. कारंज्याजवळही त्यावर चढायची जागा आहे. आम्ही समृद्धीचे वैरी नाही. मोठा रस्ता आमच्या राज्याने बांधला, अभिमान आहे. आजारी माणूस लवकर नागपूरला पोचला तर आम्हांला आनंदच आहे.

पण त्या रस्त्यावर कोण जातो? मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा. दुचाकीला मनाई. तीनचाकीला मनाई. बैलगाडीचे तर नावच काढू नका. सुरुवातीला मोटारीला दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे टोल होता, पुढे तोही वाढला. दोन्ही बाजूंनी कुंपण. ज्याच्या शेताचे दोन तुकडे झाले, तो पुलाखालून फेरा घालून पलीकडे जातो. आमच्या गावचा एक म्हातारा शेतकरी कुंपणाला हात लावून आम्हांला म्हणाला, "बाबू, सडक तं आपल्याच वावरातून गेली. पन आपल्याले तिच्यावर चालाले मनाई हाय म्हन्तात." आम्ही काय उत्तर देणार? इंग्रजाच्या काळी सडक कापसाच्या गाठीसाठी होती, माणसासाठी नव्हती. आज ती मोटारीसाठी आहे. दोन्ही वेळा आमचे वावर गेले.

आणि खाली ती जुनी सडक. समृद्धी सुरू झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वर गेल्या. सडकेच्या कडेचा चहावाला, पंक्चरवाला, ढाबेवाला बसून राहिला. गाड्या गेल्या तसे साहेबांचे लक्षही वर गेले. साहेबाची मोटार ज्या रस्त्यावरून जात नाही, त्या रस्त्याचा खड्डा साहेबाला दिसत नाही, हा सरळ न्याय आहे. पाटी राज्यमार्गाची असो की राष्ट्रीय महामार्गाची, तिच्याने खड्डा बुजत नाही.

आमच्यातले काही जण कारंज्याकडच्या खेड्यांतून अमरावतीकडच्या गिरण्यांत कामाला जातात. पहिल्या पाळीला सकाळी सातला गेटात असावे लागते, म्हणून घरातून चारला निघतो. एस.टी. त्या वेळेला नाही, म्हणून दहा-बारा जण मिळून एक जीप ठरवली आहे. एका पावसाळ्यात रस्त्यात पाणी भरले होते, जीप खड्ड्यात बसली, टायर फुटला. गेटवर पोचलो तेव्हा सात वाजून पंधरा मिनिटे झाली होती. आत घेतले नाही. बारा माणसांचा खाडा. त्या दिवशी बारा घरांचा पगार त्या खड्ड्यात पडला, तो आजवर कोणी वर काढून दिला नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. आमच्यातला एक जण रात्रपाळी करून दुचाकीने घरी येत होता. रस्त्याच्या कडेची माती खचलेली, समोरून ट्रकचा उजेड. पाय दोन ठिकाणी मोडला. बदलीवर होता. तीन महिन्यांनी काठी घेऊन गेटवर गेला, तर त्याच्या जागी दुसरा. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्यानेच सांगितले, "नका लिहू, पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत." आता तो सडकेच्या कडेला बोरे आणि भुईमुगाच्या शेंगा विकतो. गाड्या वरून जातात. गिऱ्हाईक खाली येत नाही.

मालक म्हणतो, रस्त्याचा आमचा संबंध नाही. बांधकाम खात्यातला साहेब म्हणतो, निधी आला की बघू. पुढारी म्हणतो, समृद्धी दिला ना! तिघांच्या मध्ये आमची जीप खड्ड्यात. रस्त्यावर गेलेले आमचे रोजचे पाच तास कोणाच्या मस्टरवर लिहायचे?

तीन आक्षेप आणि त्यांना उत्तरे

पहिला आक्षेप आपल्याच काही बंधूंचा. ते म्हणतात, रस्ता हा इंजिनियरचा विषय, कामगाराने पगाराचे बोलावे. बंधूंनो, रस्ता हाच पगार आहे! वऱ्हाडचा कापूस इथे वेचला जातो, इथे दाबून गाठी होतात आणि मग शेकडो कोस दूर दक्षिणेत जाऊन त्याचे सूत निघते. का? कारण इथल्या गिरण्या एकामागून एक गेल्या. ज्या अचलपूरला शकुंतलेची दुसरी शाखा १९१३ पासून जात होती, तिथे मुंबईची फिनले मिल आणून बसवली. लोकांना वाटले, दिवस पालटले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडली आणि शेकडो कामगार घरी बसले. २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कारखाने येवोत, आम्ही स्वागत करू. पण कारखान्यात कामगार पोचणार कोणत्या रस्त्याने? खेड्यातला माणूस वेळेवर आणि धडपणे गेटवर पोचत नसेल, तर मालक म्हणेल, स्थानिक लोक कामाला येत नाहीत, बाहेरून आणा. रस्ता खराब ठेवून आमच्या पोटावर पाय देण्याचा हा सोपा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप वेगळा विदर्भ मागणाऱ्यांचा. ते म्हणतात, बघा, मराठी राज्यात येऊन काय मिळाले? त्यांचे दुःख खरे आहे, आम्ही तेच दुःख भोगतो. पण औषध चुकीचे आहे. एका सडकेचे पुन्हा दोन धनी करून खड्डा बुजेल का? सिंदखेडराजा आणि जालना यांच्यामध्ये पुन्हा हद्द आणायची का? वऱ्हाडातले चार पुढारी मंत्री होतील, आमची जीप तिथेच बसेल. वसंतराव नाईक पुसदचे, वऱ्हाडचेच. ११ वर्षांहून जास्त ते मुख्यमंत्री होते. म्हणजे खुर्चीवर कोण बसतो एवढ्याने भागत नाही. दिलेला शब्द वसूल करायला खाली कोण उभा आहे, त्यावर सारे ठरते. घर गळते म्हणून घर सोडून जात नाहीत, कौले बदलायला लावतात.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा. ते म्हणतात, राज्य १९६० ला मिळाले, लढा संपला, आता ही जुनी भाषा कशाला? त्यांना आम्ही शिनोळीला घेऊन जाऊ. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर चंदगड तालुक्यातले हे गाव. तिथे महाराष्ट्र संपतो आणि पलीकडे मराठी माणसेच राहतात. बाजार बेळगावला, सोयरिकी दोन्हीकडे, आणि मधून हद्द. १९५६ आधी आमचे सिंदखेडराजा जसे होते, तसेच शिनोळी आज आहे. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल अजून नाही. बेळगावच्या बंधूंना आम्ही कोणत्या तोंडाने म्हणू, या, आमच्या राज्यात या? त्यांनी विचारले, तुमच्या राज्यात राज्यमार्ग कसा आहे, तर काय दाखवणार? वरचा दाखवणार की खालचा? सीमाभागाचा लढा जिंकायचा असेल, तर आत असलेल्यांना राज्य आपले वाटले पाहिजे. म्हणून म्हणतो, कारंज्याची सडक ही बेळगावचीही सडक आहे.

आमचे मागणे

मागणे फार नाही. एक, जुन्या राज्यमार्गावर दरवर्षी किती खर्च झाला, कोणत्या गावाच्या हद्दीत झाला, ठेका कोणाला दिला, याचा कागद वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मराठीत लावा. दोन, सडकेच्या कडेला बैलगाडी, सायकल आणि दुचाकी जाईल अशी पक्की बाजूपट्टी करा. तीन, गिरण्यांच्या पाळ्यांना जुळतील अशा एस.टी. गाड्या सोडा. २०२१-२२ च्या एस.टी. संपात पाच महिने गाडी नव्हती, तेव्हा खेडे कसे अडकून पडते ते सगळ्यांनी पाहिले. चालक-वाहकाचा पगार आणि आमची गाडी हा एकच प्रश्न आहे. चार, शकुंतलेच्या रुंदीकरणाच्या घोषणा पुष्कळ ऐकल्या, आता गाडी दाखवा. पाच, सडक दुरुस्त करणाऱ्या मजुराला किमान वेतन पुरते द्या. जो आमचा रस्ता नीट करतो, त्याच्या पोटात खड्डा नको.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही मुंबईचे असा, इचलकरंजीचे असा, सोलापूरचे असा, हा ठराव आपापल्या युनियनच्या सभेत मांडा. तुमच्या गावच्या रस्त्याचे नाव घालून मांडा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले कित्येक पुढे गावाकडे परतले ते याच अशा सडकांनी, ट्रंक डोक्यावर घेऊन. ज्यांनी राज्य मिळवले, त्यांना राज्याने परतीचा रस्ताही धड दिला नाही. ही लाज आपण पुसायची आहे.

आमच्या कारंज्याच्या वेशींना अजून दारव्ह्याचे नाव आहे, मंगरूळचे नाव आहे. आमच्या वाडवडिलांनी दार बांधले ते दुसऱ्या गावाचे नाव देऊन बांधले. मराठी राज्य हे असे दार आहे. ते उघडे राहायचे तर त्याच्यापुढची सडक नीट पाहिजे, आणि ती चालणाऱ्याची पाहिजे.

राज्य आमचे, मार्गही आमचा! राज्यमार्ग झालाच पाहिजे, नीट झालाच पाहिजे!

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्राचा विजय असो!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!